जुनापाणीची शिलावर्तुळे

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी “इतिहासावर चार पाने लिहून द्या, पण सनावळीची जंत्री नको,” अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, तेव्हा विषय शोधीत फिरण्याची मला गरज पडली नाही. गेल्या संक्रांतीच्या सुमारास आपली सहल जुनापाणीला गेली होती. तेथे एका मुलीने मला एक प्रश्न विचारला आणि मला त्याचे धड उत्तर देता आले नाही. ते उत्तर आज येथे लिहीत आहे.

ज्या भगिनींना त्या दिवशी येता आले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. नागपूरहून काटोलच्या वाटेला लागले की दहा-बारा किलोमीटरवर जुनापाणी हे लहानसे गाव आहे. गावालगत मुरमाड, उंचसखल माळ आहे. प्रथमदर्शनी तेथे पाहण्यासारखे काहीच नाही. वाळलेले गवत, बोरी-बाभळी आणि काळे धोंडे. पण जरा थांबून पाहिले की ध्यानात येते, हे धोंडे वाटेल तसे पडलेले नाहीत. ते एकाला एक लावून गोल मांडलेले आहेत. एक गोल, त्यापलीकडे दुसरा, पुढे आणखी चार. असे सुमारे ३०० गोल या परिसरात मोजले गेले आहेत. काही वीस-पंचवीस फूट रुंद, तर काही चाळीस-पन्नास फूट. प्रत्येक गोलाच्या आतली जमीन भोवतालच्या जमिनीपेक्षा किंचित फुगलेली, एखाद्या पालथ्या घातलेल्या परातीसारखी.

आमच्यापैकी निम्म्याजणींनी सोयीचे आसन म्हणून त्या धोंड्यांवरच बैठक मारली आणि डबे उघडले. सांबारवड्या, संत्री, तिळाचे लाडू असा बेत होता. तेवढ्यात मी माहिती सांगू लागले, की हे गोल म्हणजे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या समाध्या आहेत. ते ऐकताच आपल्या वडीलधाऱ्या काकूंनी डब्याचे झाकण लावले. “अगं बाई! मसणवटीत बसून जेवायचं का? आधी नाही का सांगायचं!” हशा पिकला. डबे उचलून सगळ्याजणी बाभळीखाली गेल्या. जेवणे झाल्यावर एका भगिनीची सातवीतली मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “मावशी, एवढे मोठे दगड ओढून कोणी आणले? आणि ज्यांनी आणले, त्यांना कुठे पुरलं?”

प्रश्नाचा पहिला भाग नेहमीचा आहे; दुसरा मला कोणी कधी विचारला नव्हता.

प्रथम या समाध्यांची ओळख करून घेऊ. अशा थडग्यांना इतिहासाचे अभ्यासक ‘बृहदश्म’ किंवा ‘महापाषाण’ म्हणतात. बृहत् म्हणजे मोठा आणि अश्म म्हणजे दगड. मोठमोठ्या दगडांनी उभारलेली स्मारके, असा साधा अर्थ. जगात अशी स्मारके पुष्कळ ठिकाणी आहेत. इंग्लंडातील स्टोनहेंजचे नाव आपण शाळेत ऐकलेले असते. पण ते मोठे दगड इ. स. पूर्व २५०० च्या सुमारास उभे राहिले, आणि आपल्या विदर्भातली वर्तुळे बहुतांशी इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकातली, म्हणजे दीड-दोन हजार वर्षांनी अलीकडची आहेत. तेव्हा तिकडून कोणी येऊन ही बांधली असे समजण्याचे कारण नाही. आपल्या देशातही यांचे प्रकार प्रांतोप्रांती निराळे. केरळात छत्रीसारखे दगड, कर्नाटकात हिरेबेनकल येथे चार शिळांवर एक शिळा ठेवून केलेली घरकुले, तमिळनाडूत आदिच्चनल्लूर येथे जमिनीत पुरलेले मोठाले रांजण. विदर्भाचा प्रकार मात्र गोलाचा. नागपूर जिल्ह्यात जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, रायपूर, बोरगाव आणि भागीमहारी अशा गावोगावी ही वर्तुळे आढळली आहेत.

गावकऱ्यांना ही वर्तुळे अर्थातच पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. पूर्वी गवळी राजे होऊन गेले, त्यांनी गुरे कोंडण्यासाठी हे आवार घातले, अशी समजूत या भागात होती असे जुन्या गॅझेटिअरांत नमूद आहे. दक्षिणेत लोक अशी कामे पांडवांच्या नावावर टाकीत. जे आपल्या हातून होणार नाही असे वाटते, ते गवळी राजाने केले किंवा भीमाने केले म्हणायचे, ही आपली जुनी रीत.

या समाध्यांच्या शोधापायी नागपूरच्या एका माणसाचा जीवही गेला आहे. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचे नाव आपल्या शहरात हिस्लॉप कॉलेजमुळे सर्वतोमुखी आहे. हे स्कॉटलंडचे मिशनरी; पण दगड, जीवाश्म आणि येथल्या आदिवासींच्या भाषा यांचा त्यांना मोठा नाद. १८६३ च्या सप्टेंबरात त्या वेळचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर ते टाकळघाटची वर्तुळे पाहावयास गेले होते. बाकीची मंडळी मुक्कामी परतली. हिस्लॉप गावची शाळा तपासण्यासाठी मागे राहिले, आणि ४ सप्टेंबरच्या संध्याकाळी एकटेच घोड्यावरून परतत असता पावसाने फुगलेल्या ओढ्यात बुडून वारले. त्यांनी जमवलेली आदिवासींविषयीची टिपणे पुढे टेंपल यांनी १८६६ साली छापून काढली. आपला अजबबंगलाही त्याच १८६३ सालचा.

त्यानंतर रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने जुनापाणीची काही वर्तुळे खणली आणि १८७९ साली त्यांची हकीकत प्रसिद्ध केली. वर्तुळातल्या काही धोंड्यांवर वाटीएवढे, सुपारीएवढे खळगे ओळीने कोरलेले आहेत, हे त्याने टिपून ठेवले. आम्हीही त्या दिवशी ते पाहिले. त्यांत बोट फिरवले की दगड गुळगुळीत लागतो. या खळग्यांच्या दिशांचा सूर्योदयाशी काही मेळ असावा काय, याचा विचार अलीकडे खगोलाच्या अभ्यासकांनीही केला आहे. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्यातर्फे बा. के. थापर यांनी जुनापाणीची तीन वर्तुळे शास्त्रशुद्ध रीतीने उघडली. मग नागपूर विद्यापीठाने हे काम हाती घेतले. डॉ. शां. भा. देव यांच्या देखरेखीखाली १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा आणि १९७० ते ७२ मध्ये माहुरझरी येथे उत्खनने झाली. नंतर १९७८ ते ८० या काळात पेंच नदीकाठच्या नायकुंडला देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी खणले. आज आपल्याला जे माहीत आहे ते बरेचसे या मंडळींच्या कष्टांमुळे.

आता समाधी कशी करीत ते पाहू. जागा साफ करून भोवती धोंडे गोल बसवावयाचे. ते ढळू नयेत म्हणून खाली लहान दगडांची पाचर. मधोमध मृताला किंवा त्याच्या अस्थी ठेवावयाच्या. पुष्कळ ठिकाणी सबंध देह नसून नंतर गोळा करून आणलेल्या अस्थीच सापडतात, आणि कित्येकदा एकाहून अधिक माणसांच्या. जवळ मडकी, हत्यारे, दागिने मांडावयाचे. मग वर नदीकाठची काळी चिकणमाती आणि गोटे यांचा भराव घालावयाचा. माळावर मुरूम असताना काळी माती मुद्दाम दुरून वाहून आणलेली असे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

अस्थी गोळा करून मग त्यांना कायमची जागा द्यावयाची, ही गोष्ट आपणांस अनोळखी नाही. आपल्यातही तिसऱ्या दिवशी अस्थी वेचतात. मेघालयातील खासी लोकांत तर अलीकडच्या काळापर्यंत ही पद्धत मोठमोठ्या दगडांनिशी चालू होती. कुळातल्या सर्वांच्या अस्थी शेवटी एका दगडी पेटीत एकत्र करीत आणि पूर्वजांच्या नावे शिळा उभारीत. उभ्या शिळा कुळातल्या पुरुषांच्या आणि त्यांच्यापुढे आडवी बसवलेली सपाट शिळा कुळाच्या मूळ आईची. वंश तेथे आईकडून चालतो, आणि घरातले पूर्वजांचे कृत्य धाकट्या मुलीकडे असते.

आपल्या महाराष्ट्रातच याहून निराळी, आणि मला वाटते मन हेलावून टाकणारी एक रीत होती. पुणे जिल्ह्यात इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. तेथले शेतकरी विदर्भातल्या या लोकांहून काहीसे आधीचे. ते आपल्या मृतांना घराच्या जमिनीखाली किंवा अंगणातच पुरीत. लहान मूल गेले, तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवीत आणि त्यांच्या पोटात ते मूल निजवीत. वर पुन्हा जमीन चोपून सारवीत असणार, आणि तेथेच चूल पेटत असणार. थोरांना पुरताना त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळतात. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून असावे, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. तेथे मेलेली माणसे घरात राहत. विदर्भात त्यांच्यासाठी गावाबाहेर माळावर निराळी वस्ती झाली. दोन्ही ठिकाणी हेतू एकच की माणूस हातचे सुटू नये.

वर्तुळांत काय सापडले, हे ऐकले म्हणजे ती माणसे जरा जवळची वाटू लागतात. मडकी बहुतेक आतून आणि काठाशी काळी, बाहेरून लाल. भट्टीत पालथी घालून भाजली की अशी होतात. लोखंडाच्या कुऱ्हाडी, दांड्याशी घट्ट बसाव्या म्हणून आडव्या लोखंडी पट्ट्या लावलेल्या. खंजीर, भाले, बाण, छिन्न्या. नखे काढण्याची लोखंडी नखुरडीसुद्धा! माहुरझरीला सोन्याचे दागिने निघाले आणि लाल अकिकाचे मणी निघाले, त्यांवर पांढऱ्या रेघांची नक्षी. आणि घोडे. धन्याबरोबर घोडाही पुरलेला, तोंडात लोखंडी लगाम, मस्तकावर तांब्याच्या पत्र्याचा अलंकार. त्या घोड्यांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा दिसल्या, म्हणजे ते बळी दिलेले असावेत.

येथवर वाचून कोणाला वाटेल, मोठी श्रीमंत मंडळी होती हो! होय, समाधीतली श्रीमंतच होती. येथेच त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर सुरू होते.

सहलीहून परतल्यावर मी आणि आपल्या खजिनदारबाई कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एक मध्यम वर्तुळ धरले, बारा मीटर रुंदीचे. आतला भराव फक्त अर्धा मीटर जाड धरला. त्याची माती-गोटे झाली सुमारे छप्पन्न घनमीटर. एका घमेल्यात पंधरा लिटर माती मावते असे धरले, तर एका समाधीला सुमारे पावणेचार हजार घमेली लागली. हा आमचा घरगुती हिशोब आहे, शास्त्रज्ञांचा नव्हे; पण खजिनदारबाईंच्या बेरजेत चूक सापडत नाही हे आपण सर्वजणी जाणतो. शिवाय शे-पन्नास धोंडे ओढून आणावयाचे, ते निराळेच. ही घमेली कोणाच्या डोक्यावरून गेली असतील? आजही रस्त्याच्या वा इमारतीच्या कामावर माती-गिट्टी कोणाच्या डोक्यावर असते ते पाहावे. तीन हजार वर्षांपूर्वी त्यांत बायका नव्हत्या असे मानावयास माझे मन घेत नाही.

आता दुसरा हिशोब. जुनापाणीची ३०० वर्तुळे चार-पाचशे वर्षांत झाली असे धरले, तर वर्षाला सरासरी एकही पडत नाही. पण माणसे काही वर्षाला एकच मरत नव्हती. म्हणजे उघड आहे, की प्रत्येक मेलेल्याला वर्तुळ मिळत नव्हते. ज्यांच्याजवळ घोडा होता, सोने होते, ज्यांचा शब्द चार गावांत चालत होता, अशा निवडक घराण्यांचाच हा मान असावा, असे अभ्यासकही म्हणतात.

मग बाकीची माणसे कोठे गेली? त्यांच्या समाध्या नाहीत. पण त्यांची घरे सापडली आहेत. टाकळघाट आणि नायकुंड येथे समाध्यांप्रमाणेच वस्तीचाही शोध लागला. चोपलेल्या मातीच्या जमिनी, लाकडी डांब रोवल्याचे खळगे, चुली, राख, फुटकी मडकी. विदर्भातल्या या वस्त्यांमधून तांदूळ, गहू, जव आणि कडधान्ये यांचे जळके दाणे मिळाले आहेत. कोणाच्या तरी हातून ते चुलीत सांडले म्हणून तर जळून टिकले! नायकुंडला लोखंड गाळण्याची विटांची गोल भट्टी मिळाली. भात्याचा वारा आत सोडण्याच्या मातीच्या नळ्या मिळाल्या आणि लोखंड निघाल्यावर उरलेली मळीही मिळाली. समाधीतल्या सरदाराचा खंजीर अशाच एखाद्या भट्टीतून आला. माहुरझरीला मणी घडवण्याचा मोठा उद्योग होता. घासलेले, अर्धवट भोक पाडलेले, हातातच फुटलेले मणी तेथे पसरलेले आढळले. अकिकाच्या एवढ्याशा दाण्याला आरपार भोक पाडावयाचे म्हणजे किती दिवस मान मोडून बसावे लागत असेल! मणी धन्याच्या समाधीत गेला. भोक पाडणाऱ्याची खूण म्हणजे ते फुटके मणी.

तर बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे. ज्यांनी दगड ओढले त्यांतल्या पुष्कळांना त्या दगडांत जागा मिळाली नाही. आणि तरीही आज माळावर जे उभे आहे ते त्यांच्याच हातचे आहे. आत कोण निजला आहे त्याचे नाव, भाषा, गाव काहीच उरले नाही, कारण त्या लोकांनी लिहून काही ठेवले नाही. धन्याचेही नाव गेले आणि चाकराचेही. उरला तो दगडाशेजारी नीट बसवलेला दगड आणि खालची पाचर. बसवणाऱ्याचे कसब मात्र अडीच हजार पावसाळे पाहूनही ढळले नाही.

भगिनींनो, हे लिहिताना मला आपल्याच जुन्या स्मरणिका आठवल्या. त्यांत अध्यक्षांची छायाचित्रे आहेत, देणगीदारांची यादी आहे, आणि ती असावयासच हवी. पण हळदीकुंकवाच्या आदल्या रात्री सतरंज्या झटकणारी, दोनशे माणसांचा चहा गाळणारी, घरोघर जाऊन वर्गणीचे दोन-दोन रुपये जमवणारी आपली माणसे त्या पानांत सापडत नाहीत. कित्येकजणी आता हयातही नाहीत, आणि त्यांची नावे सांगू शकणाऱ्या आपल्यात चार-पाचजणीच उरल्या आहेत. जुनापाणीच्या माणसांना लिहिता येत नव्हते. आपल्याला ती सबब नाही. या वर्षी एक वही घालावी आणि वडीलधाऱ्या भगिनींना विचारून ही नावे तीत उतरवून घ्यावीत, अशी माझी कार्यकारी मंडळास विनंती आहे.

दुसरी विनंती त्या माळाविषयी. जुनापाणीची वर्तुळे सरकारने राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून संरक्षित केली आहेत. पण नागपूरच्या आसपास अशी कितीतरी वर्तुळे शेतांत, पडीक रानांत, कोणाच्या लक्षातही न येता पडून आहेत. शहर वाढत चालले. कोठे मुरूम काढला जातो, कोठे रस्ता येतो, कोठे प्लॉट पडतात, कोठे कुंपणाच्या पायाला हाताशी आलेला धोंडा उचलला जातो. उचलणाऱ्याच्या मनात पाप नसते; त्याला ते काय आहे हे ठाऊक नसते, एवढेच. एकदा धोंडा हलला की वर्तुळ मोडले आणि खालची हकीकत कायमची पुसली गेली. आपल्यापैकी अनेकजणींची माहेरे-सासरे कळमेश्वर, हिंगणा, काटोल, उमरेड या भागांत आहेत. तेथे गेल्यावर शेतात असे गोल दिसले तर घरच्यांना सांगावे, दगड हलवू देऊ नयेत, सोन्याच्या आशेने कोणी खणू लागला तर त्याला आवरावे आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे. पुरुषमंडळी हसतील, हसू द्यावे.

सहलीच्या शेवटी गाडीत बसताना एकजण कमी भरली. पाहतो तो आपल्या काकू माघारी वर्तुळापाशी गेलेल्या. डब्यातला एक तिळाचा लाडू त्यांनी धोंड्यावर ठेवला, हात जोडले आणि परत येऊन म्हणाल्या, “कोणाचे का असेनात, कुणाचे तरी पितरच ते. आणि त्यांचे दगड उचलणारांचेही.” घरी गेल्यावर त्यांनी आंघोळ केली असणारच, पण पुढच्या सहलीला पुन्हा जुनापाणीलाच जाऊ या, असेही त्यांनीच सुचवले आहे.